नंबर पोर्ट होतो, मग मजकूर का होत नाही?

यंदाच्या लग्नसराईतली गोष्ट. पत्रिकेचं प्रूफ हातात घेऊन मुलीचे काका दुकानात आले, म्हणे हाई काय व्हयनं भाऊ? बघतो तर 'वऱ्हाडी मंडळी'चं 'वर्हाडी' झालेलं आणि 'बऱ्हाणपूर'चं 'बर्हाणपूर', ह च्या डोक्यावर रफार चढलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच घरातली पत्रिका आम्हीच केली होती, तीच फाईल काढून नावं-तारखा बदलून ही केली, आणि तेव्हा ही अक्षरं अगदी बरोबर होती. मधे बदलली होती ती फक्त आमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम.

आमचं अमळनेरला डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, गंधमुक्तीची कार्डं, सोसायटीचे अहवाल, सातबारा, पीकविमा, जे येईल ते करतो. कॉम्प्युटर तीन, तिन्ही २०१४ च्या आसपासचे, आणि तिन्ही नीट चालतात, हे मुद्दाम सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट येणं बंद. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, त्यामुळे आमचा एकही त्यात बसेना. घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, पण ते दुखणं पुढे ढकलणं झालं. तीन नवे घ्यायचे म्हणजे सीझनची कमाई त्यातच घालायची. म्हणून मग भाच्याने सुचवलं तसं दोन मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी सिस्टीम, टाकलं आणि एक विंडोजवरच ठेवलं. निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. पण त्यानंतरचे चार महिने आमच्या दुकानाने जे सोसलं ते लिहायलाच पाहिजे, कारण आज हेच किती शाळांत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत चालू असेल आणि तिथल्या माणसाला प्रत्येक जण एकच वाक्य ऐकवत असेल, सवय होऊन जाईल.

सवयीचा भाग आहेच, नाही कोण म्हणतं. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त शोधलं काय असेल तर डी ड्राईव्ह. वीस वर्षं आमचं सगळं गिऱ्हाईक डी ड्राईव्हमध्ये राहतंय, गावाच्या नावाने फोल्डर, पातोंडा, मारवड, जानवे, आणि इकडे सी नाही डी नाही, नुसतं एक व्हॉल्यूम म्हणून दिसतंय. ते कळलं. मग फाईल उघडायची पण सेव्ह व्हायची नाही. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी कळलं की त्या मशीनवर विंडोज पण ठेवलेलं होतं आणि त्यात फास्ट स्टार्टअप चालू होतं, म्हणजे शट डाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपून राहतं, आणि तोवर लिनक्स त्या ड्राईव्हवर लिहायला हात लावत नाही, फक्त वाचू देतं. कारण समजल्यावर पटतं, डेटा खराब होऊ नये म्हणून ती काळजीच आहे. पण समजेपर्यंत समोर चार गिऱ्हाईकं उभी असतात त्याचं काय करायचं?

तसंच प्रिंटचं. दाखल्याची प्रिंट काढली की खालचा शिक्का कापला जायचा. प्रिंटर बदलून पाहिला, केबल बदलली, कागद बदलला. चूक अशी निघाली की इन्स्टॉल करताना अमेरिकेची इंग्रजी निवडली गेली होती, आणि तिकडे लेटर साइजचा कागद चालतो. लेटरची उंची २७९ मिलिमीटर, आपल्या ए-फोरची २९७. त्या १८ मिलिमीटरच्या फरकात दाखल्याची तळाची ओळ जात होती. एका यादीत एक ओळ निवडायची होती, बस. पण ती कुठे आहे हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं, आणि विंडोजचं काही अडलं तर गल्लीतला कोणीही मुलगा येऊन सांगून जातो, इकडे तसा मुलगा नाही. नव्या सिस्टीमची खरी अडचण इथेच असते असं माझं मत झालंय. ती वाईट असते म्हणून माणूस अडत नाही, विचारायला शेजारी नसतो म्हणून अडतो.

आता मुख्य मुद्दा, मराठीचा.

आमच्याकडे टायपिंगला ज्या ताई आहेत त्यांचा हात मराठी चाळीसचा, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्द, टाइपरायटरवर शिकलेल्या, बावीस वर्षं रेमिंग्टन पद्धतीने, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्याच कळांच्या मांडणीने, कृतिदेव फॉन्टमध्ये काम. कीबोर्डकडे बघत नाहीत. कृतिदेवसारखे जे जुने फॉन्ट आहेत ना, त्यात मराठी मजकूर मुळात साठवलेलाच नसतो, साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट फक्त त्या इंग्रजी अक्षरांना मराठीचे आकार चढवतो. 'मराठी' हा शब्द त्यात असा असतो, ई, जे, के, मोठा बी, एच. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट काढला की उरतं ते ई जे के. नव्या मशीनवर ताईंनी पहिली जुनी प्रश्नपत्रिका उघडली तर पानभर तेच. त्या काही बोलल्या नाहीत, खुर्ची मागे सरकवून नुसत्या बसून राहिल्या. बावीस वर्षांचं काम आहे त्यांचं ते.

मग ठरवलं की आता सगळं युनिकोडमध्ये करायचं, म्हणजे ज्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं, आणि त्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे कळांची वेगळी मांडणी, शिकायचा. ऐकायला सोपं आहे. पण बोटांचं बघा. कृतिदेवमध्ये 'कि' लिहायचं तर आधी एफची कळ दाबून वेलांटी आणि मग क. इनस्क्रिप्टमध्ये पण ऱ्हस्व वेलांटी एफवरच आहे, पण ती क च्या नंतर दाबायची. कळ तीच, क्रम उलटा. आणि जुना क असायचा डी वर, इनस्क्रिप्टमध्ये डी वर हलंत, म्हणजे सवयीने क मारायला जावं तर अक्षराचा पाय मोडतो. एखाद्याला काहीच येत नसेल तर तो महिन्याभरात शिकेल, पण ज्याला उत्तम येतंय त्याला आधी विसरावं लागतं आणि विसरणं शिकण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. चाळीसचा हात तेरा-चौदावर आला. दीड तासाची प्रश्नपत्रिका, अख्खा दिवस. आणि ह्या बाईला लोक म्हणतात की बदल नको असतो ह्यांना.

पुढे दोन महिन्यांनी कळलं की युनिकोडमध्ये सुद्धा रेमिंग्टनची पद्धत मिळते, जुनाच हात ठेवून नवा मजकूर करता येतो, त्यासाठी एक इनपुट मेथड, म्हणजे कोणत्या कळेला कोणतं अक्षर हे ठरवणारं छोटं सॉफ्टवेअर, बसवावी लागते. म्हणजे ताईंचे ते दोन महिने निव्वळ माहितीअभावी गेले. मला ह्याचा राग अजून आहे.

आणि जुन्या फाईली कन्व्हर्ट करायच्या तर कन्व्हर्टर आहेत, चांगले आहेत, नव्वद टक्के काम होतं, राहिलेलं माणसाने ओळ न ओळ वाचून काढायचं. वऱ्हाड तिथेच अडकलं होतं. मराठीत 'र' पुढच्या अक्षराला दोन तऱ्हेने जोडतो, एक रफार म्हणजे 'सूर्य'मधला, आणि एक तो आडवा, 'वऱ्हाड', 'नवऱ्या', 'बऱ्हाणपूर'मधला. युनिकोडमध्ये त्या आडव्यासाठी वेगळा 'ऱ' लागतो, इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे. कन्व्हर्टरने साधा र घेतला आणि रफार चढवला. हिंदीला हे चालून जातं, मराठीला नाही. नवऱ्या मुलाच्या पत्रिकेत 'नवर्या' छापलं गेलं तर लोक वर्षभर बोलतात, आणि बोलतात ते दुकानदाराला.

आता कोणी म्हणेल की तुम्हीच इतकी वर्षं जुन्या फॉन्टला का धरून बसलात? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यात देवनागरी होती. इनस्क्रिप्ट त्याहून जुना, १९८६ चा सरकारी प्रमाण कीबोर्ड. विंडोज २००० सोबत मंगल हा युनिकोडचा फॉन्ट आला. म्हणजे सोय पंचवीस वर्षांपूर्वीच होती. पण आमचं काम चालायचं पेजमेकर ह्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही. प्रेसवाला म्हणणार मला पेजमेकरची फाईल द्या, आम्ही ती देणार. टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टन, म्हणून नोकरीला येणारं पोरगं रेमिंग्टनचंच. आणि खरं सांगायचं तर मंगलमध्ये पत्रिका काढली असती तर गिऱ्हाईकाने घेतली नसती, पत्रिकेला नक्षीदार अक्षर लागतं आणि तसे फॉन्ट तेव्हा जुन्यातच होते. आता मुक्ता आहे, बालू आहे, दोन्ही फुकट, दोन्ही देखणे. तेव्हा नव्हते. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचंच केलं आणि सगळे मिळून अशा कोपऱ्यात गेलो की जिथून निघायचं तर अख्खं घर हलवावं लागतं.

इथे मला मोबाईल नंबरची गोष्ट आठवते. पूर्वी कंपनी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा, आणि नंबर बदलायचा म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकाला, पाहुण्यांना कळवत बसायचं, म्हणून लोक रेंज नसली तरी त्याच कंपनीला चिकटून राहायचे. तेव्हा कोणी म्हणालं नाही की लोक आळशी आहेत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करायची सोय झाली, आणि लोक पटापट कंपन्या बदलायला लागले. माणसं तीच होती, नियम बदलला होता. नंबर गिऱ्हाइकाचा, कंपनीचा नाही, एवढं एक मान्य केलं सरकारने.

मला एवढंच म्हणायचंय की मजकुराचं आणि कामाचं तसंच झालं पाहिजे. मी लिहिलेलं माझं आहे, ते कोणत्याही मशीनवर तसंच्या तसं उघडलं पाहिजे, आणि सरकारी काम कोणत्याही सिस्टीमवरून करता आलं पाहिजे. हे काही फार मोठं मागणं नाही. सरकारी कागदपत्रात युनिकोड वापरा हे सरकार स्वतःच सांगत आलंय, तरी आजही आमच्याकडे ज्या फाईली दुरुस्तीला येतात, शाळेच्या, सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या, त्यातल्या किती तरी जुन्याच फॉन्टमध्ये असतात. सांगून भागत नाही, फाईल घेणाऱ्या ऑफिसने युनिकोड नसलेली फाईल स्वीकारायची बंद केली पाहिजे, मुदत देऊन, वर्षभराची द्या, दोन वर्षांची द्या, पण तारीख द्या.

थंब मशीनचं तेच. आमच्या मशीनचा ड्रायव्हर विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळाला, म्हणून तो एक विंडोजचा कॉम्प्युटर ठेवावा लागला, नाहीतर अंगठ्याची सगळी कामं बंद. म्हातारी माणसं पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला येतात, त्यांना काय सांगणार की तुमचा अंगठा लिनक्सवर चालत नाही? जे यंत्र सरकारी कामासाठीच विकलं जातं त्याचा ड्रायव्हर सगळ्या सिस्टीमसाठी द्यायचा ही अट विक्रीच्या मंजुरीतच घालायला हवी. अट घातली की कंपन्या करतात, नंबरच्या वेळी केलंच ना.

आणि पैशाचं गणित. एखादं ऑफिस सिस्टीम बदलतं तेव्हा लायसनचे किती, मशीनचे किती, ह्याचा हिशोब मांडला जातो. हाताखालच्या माणसाचा वेळ आणि रांगेतल्या माणसाचा दिवस त्यात कुठेच नसतो. आमच्या भागात एका कार्यालयात शनिवार-रविवारी नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि सोमवारी काउंटर उघडला. क्लार्कला शुक्रवारी दोन तासांचं ट्रेनिंग दिलेलं, तेही प्रोजेक्टरवर, हात न लावता. सोमवारी रांग जिन्यापर्यंत आलेली. कापसाच्या वेचणीचे दिवस, बायका मजुरी बुडवून आलेल्या, दुपारच्या एसटीने तशाच परत गेल्या, परत बुधवारी आल्या. लोक क्लार्कवर ओरडत होते आणि तो बिचारा घामाघूम होऊन एकच बटण शोधत होता. त्या दोन दिवसांची मजुरी कुणाच्या खात्यात लिहिली गेली? नव्या सिस्टीमचा तो खर्चच आहे, फक्त तो भरला पारोळ्याकडून आलेल्या बाईने.

लिनक्सवाले मित्र म्हणतात जर्मनीतल्या म्युनिक शहराने केलंच की. केलं, २००४ नंतर जवळजवळ १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, आणि २०१७ ला परत विंडोजवर जायचं ठरवलं. विंडोजवाले मित्र हेच उदाहरण उलट्या बाजूने देतात. मला त्या भांडणात पडायचं नाही, लांबचं शहर आहे. मला जवळचं केरळ जास्त पटतं. तिथे २००१ ला आयटी ॲट स्कूल ही शाळांत कॉम्प्युटर शिकवायची सरकारी योजना सुरू झाली, तीच पुढे काईट झाली, आणि सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्स चालतंय, पोरं दहावीची आयटीची परीक्षाही त्यावर देतात. तिथली पोरं आपल्यापेक्षा वेगळी आहेत का? शिक्षकांना आधी तयार केलं, पुस्तकं त्या सिस्टीमची काढली, अडलं तर विचारायला माणूस ठेवला. म्हणजे सिस्टीम कोणती निवडली ह्याच्यापेक्षा माणसाच्या हाताची काळजी घेतली का हे महत्त्वाचं ठरलं. आपल्याकडे बऱ्याच सरकारी नोकऱ्यांना एमएस-सीआयटीसारखा कॉम्प्युटरचा कोर्स लागतो, ते चांगलंच आहे, पण माझी मागणी अशी आहे की पोराला एकाच सिस्टीमची बटणं शिकवू नका, दोन दाखवा. फाईल म्हणजे काय, फॉन्ट म्हणजे काय, मजकूर कसा साठतो हे शिकवा. ज्याने दोन सिस्टीम पाहिल्या तो तिसरीला घाबरत नाही.

ऑफिस बदलताना निदान एक सीझन जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालू द्या. आम्ही ते नाइलाजाने केलं, एक विंडोजचं मशीन राहिलं म्हणून, आणि त्यामुळेच तरलो. घाईचं काम जुन्यावर, निवांत काम नव्यावर, असं करत करत हात वळला. आता ताई परत तीसच्या पुढे गेल्यात, आणि मिंटवाली मशीनं पूर्वीपेक्षा चटकन सुरू होतात, हेही लिहितो, कारण नुसतं रडगाणं खरं नसतं.

ह्याच अमळनेरात १९४५ ला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जी कंपनी निघाली ती पुढे विप्रो झाली, जगभरच्या लोकांच्या सिस्टीम बदलून देते. ह्याच गावात २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. संमेलनाच्या दिवसांत आमच्याकडे कविता, लेख प्रिंट करून घ्यायला किती तरी लोक यायचे, पेन ड्राईव्हवर पाच-सहा तऱ्हेचे फॉन्ट, प्रत्येकाला विचारावं लागायचं की दादा फॉन्ट कोणता? कित्येकांना माहीत नसायचं. माहीत असायचं कारणही नाही, त्यांनी मराठीत लिहिलं होतं एवढंच त्यांना ठाऊक.

गेल्या महिन्यात एक रिटायर गुरुजी आले, धरणगावकडचे. हातात एक सीडी. २००६ साली त्यांनी आई-काकूंकडून कानबाईची गाणी उतरवून घेतली होती, अहिराणीत, आणि कुठल्यातरी दुकानात टाइप करून ठेवली होती. ते दुकान आता नाही. सीडी चालली, फाईल उघडली, आणि पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. आमच्याकडे होते नव्हते तेवढे जुने फॉन्ट लावून पाहिले, कन्व्हर्टरमधून काढलं, दोन दिवस ताईंनी डोकं लावलं. काही ओळी लागल्या, 'कानबाई माय' एवढं ठिकठिकाणी ओळखू यायचं आणि पुढे परत तुटायचं. अहिराणीचा शब्द अर्धा निघाला तर अंदाजाने पुरा करता येत नाही, अर्धा शब्द शब्दकोशात तरी कसा शोधणार, आणि ज्यांनी गाणी सांगितली त्या बायका आता राहिल्या नाहीत. गुरुजी म्हणाले घरी एक प्रिंट असेल बहुतेक, ट्रंकेत बघतो. मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण वाचता येते. ताई रोज दुकान बंद करायच्या आधी त्यातली दोन पानं बसवतात, युनिकोडमध्ये, आडव्या ऱ सकट. बेचाळीस पानं आहेत, एकोणीस झालीत.